‘ध्यान कुठंय तुझं?’ हे आधी वेळापत्रकाला विचारा

‘ध्यान कुठंय रे तुझं?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक लेकराने ऐकलेला असतो. शाळेत गुरुजींकडून, क्लासमध्ये सरांकडून, घरी आईकडून. प्रश्नातच उत्तर धरलेलं असतं: ध्यान देणं तुझ्या हातात होतं, तू दिलं नाहीस, म्हणजे तू आळशी तरी आहेस नाहीतर बेपर्वा तरी. प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो आणि बाप मान खाली घालून सही करतो.

हा शेरा बहुतेक वेळा भलत्याच नावावर पडतो. लक्ष एका कामावर धरून ठेवणं, तिथून सोडवणं, दुसरीकडे नेणं आणि करता येण्यासारख्या अनेक गोष्टींतून एक निवडणं, हे मेंदूतल्या ठरावीक मंडलांचं, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पेशींच्या साखळ्यांचं, काम आहे. त्याला वेळ लागतो, रसायनं लागतात, झोप लागते. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या शहरांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुलांचे दिवस आखून देण्याचं काम अंगावर घेतलंय. ते दिवस या मंडलांच्या उलट आखले जातात आणि तोटा मात्र मुलाच्या नावावर चढतो. हे दुरुस्त करायची जबाबदारी आधी क्लास, अभ्यासिका आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांची आहे, मुलाच्या मनोनिग्रहाची त्यानंतर.

मेंदू एखादी कृती सुरू कशी करतो, तिथून सुरुवात करू. आपल्याला वाटतं, हात उचलायचा तर मेंदूने हुकूम सोडायचा. खरं तर हुकूम कितीतरी तयार असतात. त्यांना अडवून धरलेलं असतं. मेंदूच्या खोल गाभ्यात बेसल गँग्लिया नावाचा पेशीसमूहांचा गट आहे. त्यातून बाहेर जाणाऱ्या पेशी, प्रयोगातलं माकड स्वस्थ बसलेलं असतानाही, सेकंदाला साठ-सत्तर वेळा थॅलॅमसला, म्हणजे निरोप पुढे पोचवणाऱ्या ठाण्याला, ‘नको, नको’ असं बजावत राहतात. पैठणला नाथसागराची २७ दारं लागलेली असतात आणि मागे पाणी दाटलेलं असतं, तसं हे. दार उचललं की पाणी आपल्याच जोराने धावतं, त्याला कुणी ढकलत नाही. ओकिहिदे हिकोसाका आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९८३ साली माकडांमध्ये हेच दाखवलं. नजर वळण्याच्या अगदी आधी बेसल गँग्लियातल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी क्षणभर गप्प होतात, त्यांचा दाब सुटतो आणि नजर वळवणारं केंद्र मोकळं होतं.

निवड म्हणजे एक दार उचलणं आणि त्याच वेळी बाकीची दाबून धरणं. दार उचलणाऱ्या वाटेला थेट मार्ग म्हणतात, दाबून धरणारीला अप्रत्यक्ष मार्ग. पूर्वी एकाला ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याला ब्रेक समजत. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हालचाल सुरू होताना दोन्ही मार्ग एकदमच जागे होतात, म्हणजे हवं ते सोडताना नको ते आवळावं लागतंच. तिसरी वाट सगळ्यांत जलद. कपाळामागच्या भागातून ती सरळ सबथॅलॅमिक न्यूक्लियस या वालाच्या दाण्याएवढ्या ठिकाणी जाते आणि सगळीच दारं एकदम खाली दाबते. निघालेला हात अडवायला तरुण, निरोगी माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात.

आता अभ्यासिकेतल्या एका कप्प्यात येऊ. प्लायवूडच्या आडोशाचा दोन-अडीच फूट रुंदीचा कप्पा, वर नंबर चिकटवलेला, कोपऱ्यात पाण्याची बाटली, चार्जिंगला लावलेला फोन पालथा ठेवलेला. मुलगी बफर द्रावणाच्या पीएचचं गणित सोडवतेय. आम्ल किती मोल, त्यातलं किती उदासीन झालं, मीठ किती तयार झालं, आता कुठलं सूत्र. एवढ्या चार गोष्टी तिने डोक्यात धरल्यात, आणि माणसाच्या चालत्या स्मृतीत एका वेळी मावतं ते साधारण एवढंच. तेवढ्यात फोन थरथरतो. प्लायवूड ती थरथर कोपरापर्यंत पोचवतं.

एका सेकंदात काय काय होतं पाहा. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. मेंदूत एकूण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. या ठिपक्यात प्रत्येक बाजूला दहा-वीस हजारच. पण त्याच्या तारा जवळपास सगळ्या मेंदूत पसरल्यात. तो नॉरॲड्रेनलिन या सावध करणाऱ्या रसायनाचा एक झटका सोडतो: काहीतरी झालं, हातातलं सोड. उजव्या कानाच्या मागे-वर, जिथे मेंदूचे दोन खंड भेटतात, तिथलं जाळं जागं होतं. मॉरिझिओ कॉर्बेटा आणि गॉर्डन शुलमन यांनी २००२ साली याला मंडल तोडणाऱ्या स्विचची (सर्किट ब्रेकरची) उपमा दिली होती. आपण ठरवून ज्याकडे पाहतोय त्याचं जाळं वेगळं. हे जाळं अनपेक्षित गोष्टीसाठी ते काम मध्येच तोडतं. सापाच्या सळसळीसाठी याची गरज होती आणि वावरात आजही आहे. नजर फोनकडे अर्धवट वळते. हातही निघू पाहतो. मग कपाळामागून ‘थांब’ येतं आणि हात थांबतो.

मुलगी गुणी आहे, तिने फोन उचललाच नाही. तिला वाटतं, काही बिघडलं नाही. पण डोक्यात धरलेल्या चार गोष्टींतली एक निसटली आणि ती पुन्हा गणिताच्या पहिल्या ओळीवर आलीय. २०१५ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात फोनला हात न लावता नुसतं नोटिफिकेशन आलं, तरी हातातल्या कामातल्या चुका वाढल्या होत्या. म्हणून ‘फोन पालथा ठेवा’, ‘मनावर ताबा ठेवा’ हे सल्ले अपुरे आहेत. ताबा ठेवला तरी नुकसान होतं, कारण ताबा ठेवणं हेसुद्धा त्याच मंडलांवर पडलेलं एक काम आहे.

इथे डोपामिनबद्दल थोडं बोलायला हवं, कारण व्हिडिओंमधून ‘डोपामिन डिटॉक्स’ विकणाऱ्यांनी मुलांच्या डोक्यात भलतंच भरवलंय. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन आहे, ते म्हणजे मजा नव्हे. वोल्फ्राम शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलं ते असं: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात बोलतात, अपेक्षेइतकंच मिळालं की नेहमीच्याच लयीत राहतात, कमी मिळालं की नेहमीपेक्षाही मंद होतात. त्या फरकावरून पुढच्या वेळी कुठलं दार लवकर उचलायचं हे मेंदू शिकतो. फोनवर कधी काही नसतं, कधी मैत्रिणीचा निरोप, कधी चाचणीचा निकाल. हे अंदाज न येणंच फोनकडे जाणाऱ्या दाराला तेल घालतं. एक दिवस उपास करून हे पुसलं जात नाही. फोन हाताशी नसेल आणि त्याची थरथर पोचत नसेल, तर त्या वेळेपुरतं ते दार वाजत नाही. इतकं साधं आहे, आणि अमलात आणायला इतकंच अवघड, कारण क्लासेसच फोन सोडू देत नाहीत.

नोट्स फोनवर, हजेरी फोनवर, उद्याच्या तासाची बदललेली वेळ रात्री साडेदहाला ग्रुपवर. मुलांना फोनपासून दूर राहायला सांगणारी संस्थाच दिवसातून वीस निरोप धाडत असेल, तर दोष मुलाचा कसा? सगळे निरोप दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी शेवटचा तास सुटल्यावर पाठवता येतात. चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून देता येतात. अभ्यासिकेच्या दाराशी नंबर लिहिलेले, कुलपाचे लोखंडी खण ठेवायला फार पैसा लागत नाही. घरून तातडीचा फोन आला तर काय, हे पालकांचं म्हणणं रास्त आहे. त्यासाठी व्यवस्थापकाच्या टेबलावर एक फोन आणि तो नंबर प्रत्येक पालकाकडे. पूर्वी वसतिगृहं अशीच चालायची.

हे झालं बाहेरून येणाऱ्या व्यत्ययाचं. काही व्यत्यय वेळापत्रकातच पेरलेले असतात.

औत धरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सारख्याच क्षेत्राची दोन वावरं असली, एक लांब पट्टी आणि दुसरं चौकोनी, तर लांब पट्टीचं काम आधी उरकतं. तासं लांब, म्हणून वळणं कमी. बांधाशी बैल वळवायचे, औत उचलायचं, पुन्हा नव्या तासाला लावायचं. तेवढ्या वेळात ढेकूळभर माती हलत नाही. मेंदूचंही वळण असतं. मायकेल पोस्नर यांनी लक्ष हलण्याचे तीन भाग सांगितले: असलेल्या जागेवरून सोडवणं, हलवणं, नव्या जागी जोडणं. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांत पहिलीच पायरी अडते. त्यांना लक्ष लावता येतं, सोडवता येत नाही. १९९५ साली रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी अगदी सोप्या कामांवर वळणाची किंमत मोजली. आकड्याचं काम, मग अक्षराचं काम, आलटून पालटून. प्रत्येक बदलाला सेकंदाचे एक-दोन दशांश जास्त गेले. तयारीला अर्धा सेकंद दिला तेव्हा किंमत घटली, पण पुरती गेली नाही. जुन्या कामाचे नियम मेंदूत रेंगाळत राहतात. हे झालं अंक आणि अक्षरांचं. घर्षणाच्या गणितातून सेंद्रिय रसायनात शिरताना उचलायचं औत किती जड असेल!

लातुरात एकेका विषयाचा क्लास एकेका ठिकाणी असतो. मुलं सायकल मारत एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मधली दहा मिनिटं मोकळी मिळायला हवीत, पण रहदारी, जागा पकडण्याची घाई आणि पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरापर्यंत ताणणारे सर यात ती संपतात. मूल नव्या वर्गात बसतं तेव्हा आधीचा विषय अजून डोक्यातून उतरलेला नसतो. तास पाच मिनिटं आधी थांबवावा, मुलांनी आज झालेल्याचं एक वाक्य आणि अडलेला एक प्रश्न वहीत लिहावा, मग उठावं. अर्धवट काम कागदावर उतरलं की ते डोक्यात घोळवत ठेवायची गरज कमी होते. सलग दोन-अडीच तासांचं व्याख्यानही टिकत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली रडारवाल्यांसारखं काम देऊन दाखवलं की एकसुरी गोष्टीवर नजर ठेवायची असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच पकड सुटू लागते. आणि ती माणसं सतरा वर्षांची, उपाशीपोटी पहाटे उठून आलेली नव्हती.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. एकाच विषयातली निरनिराळ्या प्रकारची गणितं मिसळून सोडवणं हे वाईट वळण नव्हे. तिथे ‘इथे कुठली रीत लागू पडते’ हे ओळखण्याचाच सराव होतो, आणि परीक्षेत तेच लागतं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत आता १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा. विषयांमध्ये उड्या मारणारा विद्यार्थी वळणांतच मिनिटं घालवतो; जीवशास्त्र सलग संपवून मग दुसरा विषय धरणाऱ्याची वळणं दोन. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जायचं असेल, तर ‘दीड मिनिटानंतर सोडायचं’ हे आधी ठरलेलं हवं. ऐनवेळी सोडायचं की नाही याचा विचार करणं हेही एक वळणच.

झोपेबद्दल फार वाद घालायची गरज नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. पहाटे साडेपाचच्या तासाला बसलेल्या मुलाचा मेंदू अजून रात्रीतच असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोठ्या माणसांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलं, तेव्हा त्यांचं लक्ष एक-दोन रात्री सलग जागल्यासारखं घसरलं. घातक गोष्ट ही की त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं. सवय झाली असंच वाटत होतं. ‘मला पाच तास पुरतात’ म्हणणारा मुलगा खोटं बोलत नाही. त्याला मोजताच येत नाहीये. पत्र्याच्या छताखालच्या खोल्यांत एप्रिल-मेच्या रात्री जी झोप मिळते, ती तर आणखी तुटकी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, फार पहाटे किंवा फार रात्री नकोत, आठवड्याला एक सुटी हवी, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको. वाचायला साध्या, पण मेंदूच्या हिशेबाने नेमक्या. प्रत्येक शहरात त्या पाळल्या जातात की नाही हे जाहीरपणे तपासलं जावं, अशी मागणी पालकांनी करायला हवी. फी भरताना तो हक्क आपला असतो.

यावर ठरलेला प्रतिवाद आहे: ‘याच पद्धतीने इथली पोरं डॉक्टर झाली.’ झाली, आणि त्यांच्या कष्टाबद्दल आदरच आहे. पण पोचलेल्यांकडे पाहून वाट चांगली ठरत नाही. वाटेत बसलेले किती, हेही पाहावं लागतं. जे बसले त्यांना आपण ‘त्याच्यात दम नव्हता’ म्हणून मोकळे होतो. इच्छाशक्ती खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. ती कपाळामागच्या भागाची खरी ताकद आहे, पण तो भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. जी गोष्ट अजून तयार होतेय, तिच्यावरच सगळा भार टाकायचा आणि आजूबाजूची व्यवस्था तशीच ठेवायची, हे बरोबर नाही.

बाहेरच्या व्यवस्थेने आतलं मंडल किती सावरतं, हे पाहायचं तर कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णाकडे पाहावं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी झाल्याने त्याची दारं उचलली जात नाहीत. पायात ताकद असते, मन असतं, तरी उंबऱ्यापाशी तो खिळून राहतो. ‘चला ना आता’ म्हणून ओरडलं की आणखीच अडकतो. पण जमिनीवर पावलाच्या अंतराने खडूच्या आडव्या रेघा मारल्या, तर पुष्कळदा तोच माणूस रेघ ओलांडत चालू लागतो. आतून सुरुवात करणारी वाट अडलेली असते, डोळ्यांमार्फत येणारी दुसरी वाट मोकळी असते. ओरडण्यावर खर्च होणारा वेळ रेघा मारण्यावर खर्च करायला हवा, आणि तो घरच्यांनीच.

आता त्या मुलांकडे वळू, ज्यांच्या बाबतीत नुसतं वेळापत्रक सुधारून भागणार नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला थांबवण्याची मंडलंच वेगळ्या तऱ्हेने वाढलेली असणं. जगभरात मुलांमध्ये याचं प्रमाण साधारण पाच टक्के धरलं जातं, म्हणजे चाळीसच्या वर्गात साधारण दोन. मात्र शिक्का मारण्याआधी निकष पाहावेत. लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा (वय सतरा किंवा जास्त असेल तर पाच), सहा महिने तरी टिकलेली, बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली, आणि शाळा व घर अशा दोन तरी ठिकाणी. फक्त एकाच सरांच्या तासाला दिसणारी चंचलता म्हणजे एडीएचडी नव्हे. त्याहीआधी डोळे आणि कान तपासावेत. आणि रक्त. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. लोह कमी असलेलं मूल मंद, चिडकं, हरवल्यासारखं दिसतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी, १० ते १९ वर्षांसाठी ६० मिलिग्रॅमची, पोट दुखतं म्हणून पुष्कळ मुली गुपचूप टाकून देतात. ती जेवणानंतर द्यावी, चहासोबत नको, आणि समोर गिळायला लावावी. बीडकडची ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारी लेकरं तर हंगामभर कोपीत झोपतात, गाडी भरायच्या वेळी अपरात्री उठतात आणि परत आली की त्यांच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ लिहिलं जातं.

एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी ठरवलं, तर उपचार आहेत. पालकांना आणि शिक्षकांना शिकवायच्या वागण्याच्या पद्धती आधी, गरज पडल्यास मिथाइलफेनिडेटसारखं औषध, जे मेंदूतलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन जास्त वेळ कामावर राहू देतं. ते मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच, आणि भूक व वजनावर नजर ठेवून. वसतिगृहात ‘अभ्यास होतो’ म्हणून एकमेकांच्या गोळ्या खाणं धोक्याचं आहे. छत्रपती संभाजीनगर (घाटी), लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ज्या तीस आजार-व्यंगांची तपासणी होते, त्यात एडीएचडी आहे. पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. क्लाससाठी नावापुरता प्रवेश घेतलेलं मूल त्या दिवशी शाळेत नसतंच, म्हणून ही तपासणी क्लासच्या गावातच उपलब्ध करून द्यायला हवी. पथकाकडे एका मुलासाठी काही मिनिटंच असतात. तेव्हा वर्गशिक्षकांनी यादी आधीच तयार ठेवावी: कुणाचं लक्ष कधीपासून टिकत नाही, घरी काय दिसतं, झोप किती, डोळे-कान तपासले का, लोहगोळी घेतली जाते का. आणि यादी करताना दंगा करणारी पोरंच तेवढी लिहू नयेत. मागच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलींची नावं त्यात हमखास राहून जातात.